गहू वर्ज्य असेल आणि डिस्नेला जायचं असेल तर

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असली की कधी ना कधी ऑर्लँडोची सहल ठरतेच. सोबत नातवंडं असतील तर विचारायलाच नको. तिकिटं निघतात, हॉटेल ठरतं, कुठल्या दिवशी कुठलं पार्क याचा तक्ता तयार होतो आणि मग घरात ज्याला सीलिॲक आहे त्याच्याकडे बघून कुणीतरी म्हणतं, ‘पण याच्या खाण्याचं काय?’ उत्तर बहुधा तयार असतं: ‘त्यात काय, डबा नेऊ.’ डबा जरूर न्यावा. पण घरचा डबा निर्धोक आणि परक्या देशातलं हॉटेल धोक्याचं, हा आपला हिशेब वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या बाबतीत बरेचदा उलटा ठरतो. तिथल्या स्वयंपाकघरात ग्लुटेनबद्दल विचारायची सोय आहे. आपल्या डब्यातल्या हिंगाबद्दल मात्र कुणी कुणाला विचारत नाही.

आधी थोडं आजाराविषयी, कारण सोबतच्या सगळ्यांना ते माहीत असलेलं बरं. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. सीलिॲक असलेल्या माणसानं ते खाल्लं की त्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. यावर गोळी नाही. ग्लुटेन जन्मभर पूर्ण बंद, एवढाच उपचार. पोट लगेच दुखलं नाही म्हणजे आतड्याला इजा झाली नाही असं नसतं. त्यामुळे ‘सहलीला आलोय, एक घास खा, एवढ्यानं काय होतंय’ असा प्रेमळ आग्रह करणाऱ्या मावशी-काकांना निघण्यापूर्वीच समजावून ठेवा. गव्हाची ॲलर्जी हे वेगळं प्रकरण आहे. तिथे काही मिनिटांत श्वास कोंडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन अशा माणसाच्या जवळच हवं, हॉटेलच्या खोलीतल्या बॅगेत नव्हे.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 रोजी सुरू झालं. आज तिथे मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंग्डम अशी चार मोठी पार्कं आहेत. शिवाय पाण्याची दोन पार्कं, दोन डझनांहून जास्त हॉटेलं आणि डिस्ने स्प्रिंग्ज नावाचा खाण्या-खरेदीचा भाग. पसारा इतका मोठा की ‘जरा बाहेर जाऊन खाऊन येऊ’ असं म्हणायची सोय नाही. सकाळी आत शिरलं की रात्रीच्या आतषबाजीपर्यंत आतच. म्हणजे दिवसाचं खाणं सकाळीच ठरलेलं असायला हवं.

तिथे खाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, काउंटरवरून घेऊन जागा मिळेल तिथे बसून खायचं, म्हणजे क्विक सर्व्हिस. दुसरी, टेबलावर बसून, म्हणजे टेबल सर्व्हिस. टेबल सर्व्हिसचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं आणि लोकप्रिय जागा पटापट भरतात. बुकिंग करताना आहाराची नोंद करण्याची सोय असते. तिथे ग्लुटेन किंवा गहू निवडा. ही नोंद केली की आपलं काम संपलं असं मात्र धरू नका. टेबलावर बसल्यावर वाढायला आलेल्या माणसाला पुन्हा सांगा. मग तो ॲलर्जीचं वेगळं मेन्यूकार्ड आणतो, आणि गरज पडली तर आतून प्रशिक्षित कर्मचारी किंवा शेफ येऊन बोलतो.

काउंटरच्या जागी डिस्नेच्या ॲपवरून मोबाइल ऑर्डर देणं सगळ्यात सोपं. इथे एक गोष्ट नीट पाहून ठेवा. ॲपमध्ये उपाहारगृह निवडलं की साधा मेन्यू दिसतो आणि त्याबरोबर ‘ॲलर्जी-फ्रेंडली’ असा वेगळा विभाग असतो. त्यात ग्लुटेन/व्हीट या नावाखाली जे पदार्थ दिलेत त्यांतूनच निवडायचं. तोच बर्गर साध्या यादीतून निवडलात तर तो गव्हाच्याच पावात येणार, नाव एकच असलं तरी. घाईत, उन्हात, मागे मूल हात ओढत असताना नेमकी हीच गफलत होते. म्हणून ऑर्डर सकाळी हॉटेलवर शांतपणे चहा पिताना निवडून ठेवावी. ट्रे हातात आला की तिथून हलण्यापूर्वी पावतीवर ॲलर्जीचा उल्लेख आहे का ते बघा आणि देणाऱ्याला एकदा विचारा. बिनग्लुटेनचा पाव दिसायला साध्या पावासारखाच असतो, नजरेनं ओळखता येईलच असं नाही. अशा ऑर्डरला वेळही जास्त लागतो. म्हणून बाराच्या गर्दीआधीच जेवून घ्या.

‘ॲलर्जी-फ्रेंडली’ या शब्दांचा अर्थ समजून घेणंही गरजेचं आहे. डिस्ने स्वतःच सांगतं की आमची स्वयंपाकघरं ॲलर्जीसाठी वेगळी नाहीत आणि पदार्थ शंभर टक्के मुक्त असल्याची हमी आम्ही देत नाही. म्हणजे पदार्थात ग्लुटेन घातलेलं नाही आणि करताना काळजी घेतलेली आहे, एवढंच ते वचन. मला हा प्रामाणिकपणा बरा वाटतो. ‘हो हो, काही नाही त्यात’ असं न ऐकताच मान डोलावणाऱ्यांपेक्षा हमी न देणारा माणूस जास्त भरवशाचा.

आता बोलण्याविषयी, कारण निम्मी लढाई तिथेच आहे. आपल्याला मागून घ्यायची, पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटते. मागे रांग आहे, समोरचा गोरा माणूस भराभरा बोलतोय, आपलं इंग्रजी अडखळतंय, मग ‘जाऊ दे, फ्राइज घेऊ’. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे पोटाला लागू पडतं. डिस्नेच्या माणसांना, म्हणजे तिथल्या भाषेत कास्ट मेंबरांना, हे प्रश्न रोज ऐकायची सवय असते. तीन छोटी वाक्यं पाठ करा: ‘आय हॅव सीलिॲक डिसीज. नो व्हीट, नो बार्ली, नो राय. कॅन आय सी द ॲलर्जी मेन्यू?’ सीलिॲक ही वैद्यकीय अर्थानं ॲलर्जी नव्हे, पण काउंटरवर ‘ॲलर्जी’ हा शब्द उच्चारला की ठरलेली पद्धत सुरू होते. म्हणून तो वापरायला काहीच हरकत नाही. नुसतं ‘ग्लुटेन-फ्री’ म्हटलं तर समोरच्याला ते वजन कमी करायचं फॅड वाटू शकतं. आजी-आजोबांपैकी कुणाला हा त्रास असेल तर हीच वाक्यं मोठ्या अक्षरांत छापलेलं कार्ड त्यांच्या पाकिटात ठेवा. गर्दीत चुकामूक झाली तरी ते उपाशी राहत नाहीत.

खायचं काय? यादी सतत बदलते, त्यामुळे शेवटचा शब्द त्या दिवशीच्या मेन्यूचा. तरी काही जागा शाकाहारी आणि ग्लुटेन टाळणाऱ्या मराठी माणसाच्या सोयीच्या आहेत. ॲनिमल किंग्डममध्ये 2017 साली उघडलेल्या पँडोरा भागात सातुली कँटीन आहे. तिथे वाडग्यात भात, घेवडा, भाज्या असा पाया घेऊन त्यावर आपल्या पसंतीचं काही घेता येतं. भातावर वाढलेल्या माणसाला दुपारी दोन वाजता भाताचा वाडगा दिसला की निम्मा शीण तिथेच उतरतो. मॅजिक किंग्डममधलं पेकॉस बिल हे मेक्सिकन वळणाचं आहे. एपकॉटच्या वर्ल्ड शोकेसमध्ये एका तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग मांडलेत. त्यांपैकी मेक्सिकोत मक्याच्या पोळ्यांचे टाको मिळतात आणि इटलीतल्या ‘व्हिया नापोली’त ग्लुटेनविरहित पिझ्झा. मेक्सिकन पदार्थ मागताना ‘कॉर्न’ की ‘फ्लॉवर’ एवढं जरूर विचारा, कारण फ्लॉवर टॉर्टिया म्हणजे मैद्याची पोळी. सकाळच्या नाश्त्याला मिकीच्या चेहऱ्याचे वॉफल अनेक हॉटेलांत ग्लुटेन न घालता करून देतात. ज्या मुलाला वाढदिवसाच्या प्रत्येक पार्टीत ‘तुला हे नाही’ ऐकावं लागतं, त्याच्या ताटलीत तोच मिकी आला की त्याला काय वाटतं हे त्याच्या आईलाच ठाऊक. उन्हात फिरताना अननसाचं डोल व्हिप चालतं, पण ते कोनात नको, कपात मागा.

ॲनिमल किंग्डम लॉज या हॉटेलात ‘साना’ नावाचं आफ्रिकी-भारतीय धाटणीचं उपाहारगृह आहे. खिडकीबाहेर झेब्रे आणि जिराफ चरत असतात आणि टेबलावर नान, चटण्या, रायती असा थाट येतो. त्या ब्रेड सर्व्हिसचं फार नाव आहे. ग्लुटेनविरहित पर्याय हवा असेल तर बुकिंगच्या वेळी आणि पुन्हा टेबलावर विचारून घ्या. आठवडाभर बर्गर-पिझ्झाचा वास घेतलेल्या घरच्यांसाठीही ही जागा उतारा आहे.

डिस्ने स्प्रिंग्जमध्ये ‘एरिन मॅकेनाज बेकरी’ आहे. तिथे गव्हाचा कणही वापरत नाहीत. डोनट, कपकेक, कुकी सगळं ग्लुटेनविरहित, शिवाय दूध-अंड्याशिवाय. प्रत्येक गोष्टीचं लेबल वाचायची सवय लागलेल्या मुलाला काचेआडच्या सगळ्या ताटांकडे बोट दाखवून ‘यातलं कुठलंही’ म्हणता येतं. चार डोनट जास्तीचे घेऊन खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवले की पुढच्या दोन सकाळींची चिंता मिटते. एक लक्षात असू द्या: डिस्ने स्प्रिंग्जमधली बरीचशी उपाहारगृहं बाहेरच्या कंपन्या चालवतात. पार्कातली पद्धत तिथे जशीच्या तशी असेल असं गृहीत धरू नका. प्रत्येक दारात प्रश्न नव्यानं विचारा.

शाकाहारी असाल तर एक सापळा खास आपल्यासाठीच मांडलेला आहे. डिस्नेच्या मेन्यूवर काही पदार्थांपुढे हिरवं पान असतं. ते पाहून आपल्याला हायसं वाटतं, कारण हिरवी खूण म्हणजे आपलं, हे भारतात डोळ्यांत बसलेलं. पण त्या पानाचा अर्थ फक्त मांस, दूध, अंडी, मध नाही इतकाच. मांसाची नक्कल करणारे कित्येक शाकाहारी पदार्थ तर गव्हाच्या ग्लुटेनपासूनच बनवलेले असतात. ‘सेतान’ नावाचा पदार्थ म्हणजे मळलेल्या कणकेतला पिष्ट धुऊन उरलेलं निव्वळ ग्लुटेन! तेव्हा पान आणि ग्लुटेनची खूण, दोन्ही वेगवेगळी तपासायची. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो, त्यामुळे चिनी-जपानी पदार्थांत टोफू दिसला म्हणून हुरळून जाऊ नका.

फ्रेंच फ्राइज बटाट्याच्या असतात, पण त्या ज्या तेलात तळल्या त्यात आधी पाव-पिठात घोळवलेलं काहीतरी तळलेलं असू शकतं. ‘डेडिकेटेड फ्रायर?’ एवढे दोन शब्द पुरतात. बुफेमध्ये धोका चमच्यांचा. कुणीतरी पास्त्याचा चमचा भाताच्या भांड्यात ठेवतोच. आधी सांगितलं तर बरेचदा तुमचं ताट आतून वेगळं आणून देतात. आणि टेबलावर स्वतःच्या माणसांवरही नजर ठेवा. आपल्याकडे एका ताटलीतून चौघांनी खाण्यात जिव्हाळा असतो, पण बर्गर धरलेल्या हातानं दुसऱ्याच्या फ्राइज उचलल्या की स्वयंपाकघरानं घेतलेली सगळी काळजी पाण्यात.

आता डबा. डिस्नेच्या पार्कांत स्वतःपुरतं बाहेरचं खाणं नेता येतं, पण ते गरम करावं लागणारं नसावं आणि काचेच्या भांड्यात नसावं. म्हणजे लोणच्याची काचेची बरणी दारातच अडते. सुटा बर्फही चालत नाही, गार ठेवायला जेलचे पॅक न्या. दारावर बॅगा तपासतात, डबा वर ठेवा. काउंटरच्या उपाहारगृहात पिण्याचं गार पाणी कपात फुकट मिळतं.

प्रश्न आहे डब्यात काय भरायचं याचा. आपल्या बहुतेक फोडण्यांत हिंग असतो आणि बाजारातला बांधानी हिंग म्हणजे मूळ राळेत पीठ किंवा डिंक मिसळून केलेला. ते पीठ बरेचदा गव्हाचं असतं. डबीवरचे घटक वाचा, तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. तो मिळेपर्यंत चिवडा, चकली, शेव, पापड, गोडा मसाला हे सगळं संशयास्पद. मेतकुटात परंपरेनं थोडा गहू भाजून घालतात, थालिपिठाच्या भाजणीतही अनेक घरांत असतो. बाकरवडी, शंकरपाळे, करंजी यांत मैदा आहे हे सगळ्यांना कळतं, पण बेसनाच्या लाडवाला खुसखुशीतपणा यावा म्हणून मूठभर रवा घालणारी घरंही पुष्कळ, आणि ते कुणी सांगत नाही. ज्वारीचं पीठ निव्वळ ज्वारीचं असलं तरी गिरणीत तुमच्या आधी कुणाचे गहू दळले होते? हॉर्लिक्ससारखी पेयं तर गहू आणि जवाच्या माल्टचीच. शेजारच्या काकूंनी प्रेमानं दिलेल्या डब्यावर लेबल नसतं, त्यामुळे तो बाकीच्यांनी खावा.

मग नेमकं न्यायचं काय? उपासाचं! साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे, खजूर, यांत गहू नाही आणि उपासाला हिंगही बहुतेक घरांत चालत नाही. राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, साबुदाण्याचा चिवडा, खजुराचे लाडू हे दिवसभर बॅगेत टिकतात आणि रांगेत उभ्या उभ्या खाता येतात. आषाढी एकादशीची यादी सीलिॲकवाल्याला अमेरिकेत इतकी उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं असतं? पिठं मात्र ज्यात गहू कधीच घातलेला नाही अशा घरच्या मिक्सरवर किंवा घरगुती चक्कीवर दळलेली हवीत. विमानात शेंगदाणे उघडण्यापूर्वी शेजारच्याला त्यांची ॲलर्जी नाही ना, हेही विचारा. आपल्या आहाराची काळजी इतरांनी घ्यावी अशी अपेक्षा असेल तर एवढं आपल्याकडूनही व्हायला हवं.

अमेरिकेत उतरताना कस्टम्सच्या प्रश्नाला खाण्याचं सामान आहे असं खरं उत्तर द्या. तळलेले-भाजलेले कोरडे पदार्थ सहसा अडत नाहीत. ताजी फळं आणि मांस नको. कच्चा तांदूळ, हरभरे आणि इतर कडधान्यंही भारतातून नेऊ नका. खाप्रा नावाच्या किड्याच्या भीतीनं त्यांच्यावर बंदी आहे. तांदूळ-डाळ ऑर्लँडोतल्या भारतीय किराणा दुकानात मिळते. तिथल्या पाकिटबंद पदार्थांचं लेबल वाचायला शिका. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं असेल तर अमेरिकी नियमानुसार किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं आणि आपल्या एफएसएसएआयची मर्यादाही 20 मिलिग्रॅमचीच. लेबलवर गहू जाहीर करणं तिथे सक्तीचं आहे, जव नाही. म्हणून ‘माल्ट’ हा शब्द शोधा. मक्याच्या कॉर्नफ्लेक्समध्येही तो सापडतो.

हॉटेल निवडताना स्वयंपाकाच्या सोयीचा विचार करा. डिस्नेच्या साध्या खोल्यांत लहान फ्रिज असतो, पण मायक्रोवेव्ह नसतो. कुटुंबासाठीचे मोठे सूट आणि व्हिला यांत ओटा किंवा मायक्रोवेव्ह मिळतो आणि आठवडाभर राहायचं असेल तर जास्तीचे पैसे वसूल होतात. खोलीत स्वतःचा विजेचा कुकर लावायला बहुतेक हॉटेलांत मनाई असते, धुराचा अलार्म वाजला तर मजल्यावरचे सगळे बाहेर येतील. व्हिलात भात शिजवताना तिथला टोस्टर, लाकडी चमचे आणि ओरखडे पडलेले नॉनस्टिक तवे वापरू नका, कारण आधीच्या पाहुण्यांचा पाव त्यांत असतो. एक पातेलं आणि एक डाव आपला न्या.

राहिलं विमान. भारतातून ऑर्लँडोला थेट विमान नाही, वाटेत एकदा तरी बदलावं लागतं. विमान कंपन्यांमध्ये ग्लुटेनविरहित जेवणाचा संकेत ‘जीएफएमएल’ असा आहे. तो शाकाहारी असतोच असं नाही, त्यात कोंबडी किंवा मासे निघू शकतात. आणि बहुतेक कंपन्या एका प्रवाशाला एकच संकेत घेऊ देतात, म्हणजे ‘एव्हीएमएल’ या भारतीय शाकाहारी जेवणासोबत तो मिळत नाही. एव्हीएमएल घेतलं तर पोळी किंवा पराठा येण्याची शक्यता मोठी. शाकाहारी माणसानं जीएफएमएल घ्यावं, त्यातला भात-फळं-सॅलड खावं आणि बाकीच्याची भरपाई बॅगेतल्या राजगिऱ्यानं करावी. ही नोंद उड्डाणाच्या किमान दोन दिवस आधी हवी. तिकीट एकाच कंपनीचं असलं तरी मधला टप्पा दुसरीच कंपनी उडवत असेल तर नोंद तिच्यापर्यंत पोचत नाही असं वारंवार घडतं. म्हणून जाताना आणि येताना प्रत्येक टप्प्याची खात्री त्या त्या कंपनीकडे फोन करून स्वतंत्रपणे करा. परतीच्या वेळी सगळे दमलेले असतात आणि हा फोन तेव्हाच राहून जातो, म्हणून तो ऑर्लँडो सोडण्याच्या तीन दिवस आधीच करून टाका.